मॉडेल गाडीचा फोटो बंपरपासून डिकीपर्यंत शार्प कसा आणायचा

१:४३ मापातली, म्हणजे खऱ्या गाडीच्या त्रेचाळीसाव्या हिश्श्याची, मॉडेल ॲम्बॅसेडर जेमतेम दहा सेंटिमीटर लांब असते. तिचा फोटो काढायला बसलेला नवा माणूस हमखास मोबाइल तिच्या नाकाशी नेतो. मग पुढची जाळी कशीबशी शार्प येते, नाहीतर तीही येत नाही, आणि दारापासून मागचं सगळं धूसर होतं. आणखी जवळ गेलं की आणखी बिघडतं.

खऱ्या गाडीचा फोटो आपण चार-पाच मीटरवरून काढतो. तिथून बंपरपासून डिकीपर्यंत सगळं स्वच्छ दिसतं आणि डोळ्याला तीच सवय आहे. नाक शार्प आणि शेपूट धूसर दिसलं की पाहणाऱ्याला न सांगता कळतं, ही तळहातावर मावणारी वस्तू आहे. म्हणून मॉडेलच्या फोटोत धूसरपणा घालवणं म्हणजे निम्मं काम झालं. त्याचं पहिलं औषध फुकट आहे: मागे सरका. बाकीची औषधं त्यानंतर.

आधी बिघाड ओळखा

फोटो धूसर येण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही. ट्रायपॉड आणून चुकलेला फोकस सुधारत नाही. म्हणून आधी बिघडलेला फोटो पडद्यावर पूर्ण मोठा करा आणि त्यात एक चमकता ठिपका शोधा. क्रोमच्या बंपरवर, आरशाच्या कडेला किंवा हेडलाइटवर दिव्याचा असा बारीक ठिपका जवळजवळ नेहमी सापडतो.

ठिपक्याची रेघ किंवा स्वल्पविराम झाला असेल, तर फोटो हललाय. त्याची गोल चकती झाली असेल, तर तो भाग फोकसच्या बाहेर आहे. ठिपका जागेवर, पण भोवती पांढुरकं वलय आणि सगळा फोटो फिकट, तर लेन्सवर बोटाचं तेल आहे. ठिपका बरा, पण रंगाच्या कडा सारवल्यासारख्या आणि नंबरप्लेटची अक्षरं विरघळलेली दिसत असतील, तर उजेड कमी होता. फोटोतले दाणे काढताना मोबाइलने त्यांच्याबरोबर बारकावेही पुसून टाकले. डिजिटल झूमनेही हेच होतं.

फोकस नेमका कुठे गेला हे कळायला जमिनीचा पोत उपयोगी पडतो. हार्डवेअरच्या दुकानात काळा वॉटर पेपर मिळतो. लहान मापाच्या गाड्यांखाली ४०० नंबरचा, १:१८ च्या गाडीखाली १२० किंवा १५० नंबरचा कागद अंथरला की डांबरी रस्ता तयार होतो. शिवाय फोटो मोठा केल्यावर त्या कागदाचे दाणे ज्या आडव्या पट्ट्यात टिपून दिसतात, तिथे फोकस आहे. पट्टा गाडीच्या मागे दिसला तर फोकस मागे गेला, बंपरच्या पुढे दिसला तर पुढे. या कागदावर गाडी घासत सरकवू नका, उचलून ठेवा. टायर खरवडतात.

किती लांब उभं राहायचं

प्रत्येक लेन्सला एक किमान अंतर असतं. त्याच्या आत ती फोकस करूच शकत नाही, मग तुम्ही पडद्यावर कितीही वेळा टॅप करा. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या १८-५५ किट लेन्सचं हे अंतर साधारण २५ सेंटिमीटर असतं. ५० एमएम एफ/१.८ चं कंपनीप्रमाणे ३५ ते ४५ (एफ हे लेन्सच्या छिद्राचं माप: आकडा लहान, तितकं छिद्र मोठं). हे अंतर लेन्सच्या काचेपासून नाही, कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरपासून मोजतात. बहुतेक कॅमेऱ्यांच्या डोक्यावर त्यासाठी रेघेने छेदलेल्या वर्तुळाची खूण असते.

मोबाइलच्या बाबतीत लोकांची फसगत होते, कारण सेन्सर मोठे होत गेले तसं मुख्य लेन्सचं किमान अंतरही वाढत गेलं. आयफोन १३ प्रो ला ते १५ सेंटिमीटर होतं, १४ प्रो ला २० आणि १५ प्रो ला २४. त्याहून जवळ गेलं की फोन न विचारता अल्ट्रावाइड, म्हणजे खूप रुंद दृश्य घेणाऱ्या, लेन्सवर उडी मारतो. फोटो निघतो, पण बॉनेट फुगलेलं, मागची चाकं बारीक आणि कडा ढिल्या. पिवळ्या फुलाचं चिन्ह दिसलं की समजा फोन मॅक्रोवर, म्हणजे अगदी जवळून काढायच्या मोडवर, गेला. ते चिन्ह दाबून मॅक्रो बंद करा आणि मागे सरका. स्वस्त अँड्रॉइड फोनवर वेगळी २ मेगापिक्सेलची मॅक्रो लेन्स असते. तिचा फोकस साधारण चार सेंटिमीटरवर कायमचा बसवलेला असतो. गाडीसाठी ती नाहीच वापरायची.

फोनवर ३० सेंटिमीटरची शालेय पट्टी मध्ये ठेवून तेवढ्या अंतरावर थांबा आणि २x निवडा. इथे चौकटीची रुंदी साधारण २२ सेंटिमीटर भरते, म्हणजे १:४३ ची गाडी आडवी जवळजवळ अर्धी चौकट व्यापते. ४८ किंवा ५० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर २x म्हणजे सेन्सरचा मधला भाग, त्यामुळे तिथे फारसं नुकसान नाही. ३x किंवा ५x ची टेलिलेन्स (लांबचं जवळ आणणारी) इतक्या जवळून बहुधा फोकस करत नाही. फोन गुपचूप मुख्य लेन्सचं चित्र ताणून दाखवतो. खात्री करायची सोपी रीत आहे: टेलिलेन्सवर बोट ठेवा. पडदा काळा झाला नाही, तर चित्र दुसऱ्याच लेन्सचं आहे.

मागे सरकण्याचा फायदा आकड्यांत पाहा. एपीएस-सी सेन्सरचा (बहुतेक हौशी डीएसएलआर-मिररलेसमध्ये असतो त्या मापाचा) कॅमेरा, एफ/८, आणि चौकटीची रुंदी १२ सेंटिमीटर, म्हणजे १:४३ ची गाडी चौकट भरून. इथे शार्प येणाऱ्या भागाची खोली जेमतेम १० मिलिमीटर मिळते. मागे सरकून चौकट २४ सेंटिमीटर रुंद केली की तीच खोली ३६ मिलिमीटरच्या आसपास जाते. फोटो नंतर कापून मोठा केल्यावर त्यातलं निम्मं परत जातं, तरी निव्वळ फायदा दुपटीच्या जवळ राहतो. २४ मेगापिक्सेलच्या फोटोतून निम्मी रुंदी आणि निम्मी उंची ठेवली तरी ६ मेगापिक्सेल उरतात. पडद्यावर दाखवायला आणि ए५ आकारात छापायलाही तेवढे भरपूर आहेत.

मागे सरकण्याचा आणखी एक फायदा म्हणजे गाडीचा आकार खरा दिसतो. जवळून काढलेल्या फोटोत मॉडेलचं नाक मोठं आणि मागचा भाग चिमटलेला येतो.

मांडणी

टेबल भिंतीला टेकवून ठेवा, डगमगणाऱ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारा. पंखा बंद करा. पंख्याच्या वाऱ्याने मागचा चार्ट पेपर हलतो, हलकं टेबलही थरथरतं आणि अर्ध्या सेकंदाच्या फोटोला तेवढं पुरतं. चाकं फिरणाऱ्या गाड्या स्वतःही सरकतात, विशेषतः १:६४ च्या. न दिसणाऱ्या बाजूच्या एका चाकाखाली ब्लू टॅकचा (पोस्टर चिकटवायच्या मऊ पुट्टीचा) मुगाएवढा गोळा दाबा. १:१८ च्या काही मॉडेल्सना खरी सस्पेन्शन असते. गाडीला हात लावल्यावर ती क्षणभर डुलते, तेव्हा चारपाच सेकंद थांबूनच बटण दाबा.

उजेडासाठी उत्तम जागा म्हणजे थेट ऊन न येणारी खिडकी. गाडी खिडकीला आडवी ठेवा, काचेवर बटर पेपर लावा आणि अंधाऱ्या बाजूला थर्मोकोलचा तुकडा उभा करा. रात्री काढायचं असेल तर एकाच रंगाचे दोन ९ वॅटचे एलईडी दिवे, दोन्हीपुढे बटर पेपर. एक पांढरा आणि एक पिवळा दिवा घेऊ नका, रंग नंतर सुधारता येत नाही. फोटोत आडव्या काळपट पट्ट्या आल्या तर त्या धूसरपणाच्या नाहीत, दिव्याच्या लुकलुकण्याच्या आहेत. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर (उजेड आत घ्यायचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की बहुतेक जातात.

कॅमेऱ्याची उंचीही आत्ताच ठरवा. माणसाची नजर जमिनीपासून दीड मीटरवर धरली, तर १:६४ मापात ती २.३ सेंटिमीटर होते, १:४३ मध्ये ३.५ आणि १:१८ मध्ये ८.३. लेन्स तेवढ्या उंचीवर आली की फोटो रस्त्यावर उभं राहून काढल्यासारखा वाटतो. मोबाइल उलटा धरला की लेन्स खाली येते आणि टेबलालगतचा कोन मिळतो. उलटा मोबाइल पुस्तकाला टेकवून, दोन्ही बाजूंनी तांदळाच्या छोट्या पिशव्या लावल्या की तो हलत नाही. मिनी ट्रायपॉड असेल तर उत्तमच.

कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. एसीच्या खोलीतला कॅमेरा तसाच बाल्कनीत आणला तर लेन्सवर वाफ धरते. कॅमेरा बंद पिशवीतच बाहेर आणा, वीस-पंचवीस मिनिटं तसाच राहू द्या, मग काढा.

मोबाइलवर, क्रमाने

१. लेन्स मायक्रोफायबर कापडाने पुसा. सदऱ्याच्या टोकाने पुसलं तर तेल जात नाही, नुसतं पसरतं.

२. गाडीवरची धूळ मऊ ब्रशने झाडा. जवळच्या फोटोत धुळीचा कण खड्याएवढा दिसतो आणि ऑटोफोकस कधी कधी त्यालाच धरून बसतो.

३. पोर्ट्रेट मोड बंद करा. तो खोटा धूसरपणा घालतो आणि आरसे, अँटेना, वायपर खाऊन टाकतो. नाइट मोडही बंद ठेवा, किमान हातात धरून काढताना.

४. ३० सेंटिमीटरवर थांबा, २x घ्या.

५. जवळच्या हेडलाइटच्या कडेवर बोट दोन सेकंद दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो. नंतर बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा. चकाकणारं बॉनेट पांढरं पडलं तर त्यातला तपशील परत येत नाही.

६. तीन सेकंदांचा टायमर लावून हात काढून घ्या. ब्लूटूथ रिमोट असेल तर तो, नाहीतर वायरच्या इयरफोनचं आवाजाचं बटणही बऱ्याच फोनवर शटरचं काम करतं.

७. प्रो मोड असेल तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ५० किंवा १००, शटर फोन दाखवेल तितकं हळू. टेकू पक्का असेल तर अर्धा सेकंदही चालतो.

फोनच्या लेन्सचं छिद्र बहुतेक वेळा कायमचं एकाच मापाचं असतं, त्यामुळे खोली वाढवायला अंतर हाच एक उपाय हातात उरतो. त्या बदल्यात सेन्सर लहान असल्याने त्याच एफ-क्रमांकाला मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त भाग शार्प येतो. हे काही कमीपणाचं नाही. अमेरिकेतल्या मायकेल पॉल स्मिथ यांनी १:२४ मापाच्या गाड्या टेबलावर मांडून, मागे खरी झाडं आणि घरं धरून ‘एल्गिन पार्क’ नावाचं काल्पनिक गाव फोटोंतून उभं केलं, ते साध्या खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्यावर.

डीएसएलआर किंवा मिररलेसवर

मॅक्रो लेन्सवाचून अडत नाही. १८-५५ लेन्स ५५ वर ठेवून आवश्यक ती चौकट मिळते. मोड ॲपर्चर प्रायॉरिटी (छिद्र तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), आयएसओ १००, ॲपर्चर एफ/११. खिडकीच्या उजेडात शटर पाव ते एक सेकंदाच्या आसपास येतं, म्हणून ट्रायपॉड हवाच.

५० एमएम एफ/१.८ घेतलेले लोक ती पूर्ण उघडून वापरतात, कारण दुकानदाराने तिचं तेच कौतुक केलेलं असतं. १२ सेंटिमीटरच्या चौकटीत एफ/१.८ ला शार्प भागाची खोली दोन मिलिमीटरच्या आसपास येते. नंबरप्लेट येते, हेडलाइट जातो. मॉडेल गाडीला हे छिद्र कामाचं नाही.

उलट टोकाला जाऊन एफ/२२ लावणंही चूक आहे. छिद्र फार बारीक झालं की प्रकाश कडांवरून पसरतो आणि सगळाच फोटो थोडा बोथट होतो. जवळून काढताना हा परिणाम आकड्यावरून वाटतो त्याहून लवकर सुरू होतो. एपीएस-सी वर एफ/११ ते एफ/१६ च्या पुढे जाऊ नका. आपल्या लेन्सवर एकदा एफ/८, ११, १६, २२ असे चार फोटो काढून नंबरप्लेट मोठी करून पाहा, सीमा कुठे आहे ते लगेच दिसेल.

ट्रायपॉडवर कॅमेरा बसवला की लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) बंद करा. जुन्या लेन्समध्ये ते स्थिर कॅमेऱ्यातही हालचाल शोधत राहतं आणि फोटो हलवतं. दोन सेकंदांचा टायमर लावा. डीएसएलआरमध्ये आरसा वर उचलला जातो त्याचा धक्का नेमका या हळू शटरला लागतो, म्हणून लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर पाहून काढणं) वापरा किंवा मिरर लॉकअप (आरसा आधीच वर उचलून ठेवणं) चालू करा.

ट्रायपॉड नसेल आणि हातातच काढायचं असेल, तर शटर १/२०० च्या खाली जाऊ देऊ नका आणि आयएसओ वाढवण्याची भीती बाळगू नका. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. हातात धरताना हात जितका वर-खाली हलतो तितकंच शरीर पुढे-मागेही डुलतं. एक सेंटिमीटरचं डुलणं म्हणजे फोकस हेडलाइटवरून पार चाकावर. त्यासाठी कोपरं टेबलावर टेकवा आणि लागोपाठ तीन-चार फोटोंचा बर्स्ट मारा. त्यातला एक लागतो.

फोकस नेमका कुठे ठेवायचा

ऑटोफोकसला पकडायला कडा लागते. गुळगुळीत लाल बॉनेटवर किंवा छतावर त्याला काहीच सापडत नाही, मग लेन्स पुढे-मागे धावते आणि शेवटी मागच्या भिंतीवर स्थिरावते. विंडस्क्रीनवर दाबलं तर वेगळाच घोटाळा होतो: काचेत खिडकीचं प्रतिबिंब असेल तर कॅमेरा त्या प्रतिबिंबाला फोकस करतो आणि ते काचेपेक्षा कितीतरी लांब असतं. म्हणून एकच बिंदू निवडा आणि तो जाळीच्या पट्टीवर, कंपनीच्या बॅजवर, नंबरप्लेटच्या अक्षरावर किंवा चाकाच्या रिमवर ठेवा.

सुरुवात बाजूच्या दृश्यापासून करा. गाडीची कूस कॅमेऱ्याला समांतर असली की पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंतचा पत्रा जवळजवळ एकाच अंतरावर येतो आणि एफ/८ लाही सगळं शार्प मिळतं. समांतर आहे का हे पाहायचं तर दोन्ही चाकांच्या रिमपासून लेन्सपर्यंत पट्टीने मोजा. अंतर सारखं भरलं पाहिजे.

तिरकं दृश्य, ज्यात नाक आणि कूस दोन्ही दिसतात, हे सगळ्यांना आवडतं आणि तेच सगळ्यात अवघड. दहा सेंटिमीटरच्या गाडीत इथे आठेक सेंटिमीटर खोली सांभाळायची असते. इतक्या जवळून फोकसच्या पुढे आणि मागे शार्प भाग जवळपास सारखाच मिळतो, त्यामुळे बंपरवर फोकस केला तर अर्धी खोली बंपरच्या पुढे हवेत वाया जाते. फोकस जवळच्या पुढच्या चाकावर ठेवा, फोटो काढा, मोठा करून हेडलाइट तपासा. हेडलाइट थोडा ढिला असेल तर फोकस किंचित पुढे आणा. जवळचा भाग धूसर असलेला डोळ्याला लगेच खुपतो, लांबचा थोडाफार खपतो. कोन थोडा कमी करून नाक जरा लांबवर वळवलं तरी एक-दोन सेंटिमीटर वाचतात.

मिररलेस असेल तर मॅन्युअल फोकसवर जा, चित्र १० पट मोठं करा आणि रिंग हळू फिरवा. फोकस पीकिंगचा (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीचा) रंग फक्त अंदाजाला बरा. एवढ्या जवळून तो बऱ्याचदा उदारपणे खोटं सांगतो.

तरीही पुरेना तेव्हा: स्टॅकिंग

१:६४ ची सात सेंटिमीटरची गाडी चौकट भरून आणि पूर्ण शार्प हवी असेल, तर एका फोटोत ते होणार नाही. ९ सेंटिमीटरच्या चौकटीला एफ/८ वर सहा मिलिमीटर मिळतात आणि तिरक्या गाडीला सहा सेंटिमीटर हवेत. अशा वेळी फोकस पुढून मागे सरकवत अनेक फोटो काढून ते जोडतात. दर टप्प्याला चार मिलिमीटर धरले तर पंधरा फोटो. १:१८ च्या ॲम्बॅसेडरला, चौकट ३० सेंटिमीटर धरली तर चार सेंटिमीटरच्या टप्प्याने पाच-सहा पुरतात.

सुरुवात बंपरच्या किंचित पुढून करा, शेवट डिकीच्या मागे. मधला एक टप्पा जरी सुटला तरी छतावर धूसर पट्टा उमटतो आणि तो नंतर काही केल्या भरता येत नाही, म्हणून टप्पे कमी पडण्यापेक्षा जास्तच असू द्या. एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) आणि आयएसओ तिन्ही मॅन्युअल. खिडकीच्या उजेडात ढग सरकत असतील तर दिवे लावूनच काढा, नाहीतर प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतो. बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत फोकस ब्रॅकेटिंग असतं, ते हे काम आपोआप करतं.

जोडायला हेलिकॉन फोकस आणि झेरीन स्टॅकर ही खास सॉफ्टवेअर आहेत. फोटोशॉपमध्ये सगळे फोटो एका फाइलमध्ये लेयर म्हणून उघडून आधी ऑटो-अलाइन, मग ऑटो-ब्लेंडमधलं स्टॅक इमेजेस निवडतात. फुकटात हवं असेल तर ह्युगिनसोबत येणारं अलाइन इमेज स्टॅक आणि एनफ्यूज ही जोडी काम करते. अँटेना आणि आरशाच्या कडेला वलय राहतं, ते मूळ फोटोतून हाताने भरावं लागतं. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये फोकसची पट्टी असेल तर हीच युक्ती चार-पाच फोटोंवर करून पाहता येते.

पाठवण्याआधी

फोटो आधी हव्या त्या आकाराला कापा, मग लहान करा, शार्पनिंग अगदी शेवटी आणि हलकं. आधी शार्पनिंग करून मग लहान केलं तर रंगाच्या कडांना पांढऱ्या रेघा येतात. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि नंबरप्लेटची अक्षरं पहिल्यांदा जातात. एचडी निवडा, किंवा फोटो डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी पोचते.